बालके व किशोरांसाठी अल्पकालीन मानसिक संकटसेवा

आत्महत्येचे विचार, स्वतःला इजा करून घेणे, भास-भ्रम किंवा अनावर आक्रमकता अशा अवस्थेत सापडलेल्या अठरा वर्षांखालील मुलामुलींना काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत दिली जाणारी सेवा. मूळ विकार बरा करणे हा तिचा उद्देश नसतो. धोका ओसरेपर्यंत मुलाला सुरक्षित ठेवणे, संकटाचे तात्कालिक कारण शोधणे आणि पुढच्या उपचारांची घडी बसवून देणे, एवढेच तिचे काम असते.

भारतात या सेवेची चौकट मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याने आखली असून त्याच्या ८७ व्या कलमानुसार अल्पवयीन मुलाला केवळ त्यात ठरवून दिलेली कार्यपद्धती पाळूनच रुग्णालयात दाखल करता येते. त्यासाठी पालकाचा अर्ज लागतो आणि दोन तज्ज्ञांनी, ज्यांपैकी किमान एक मनोविकारतज्ज्ञ असावा लागतो, मुलाला स्वतंत्रपणे तपासून दाखल करण्यावाचून गत्यंतर नाही असा निष्कर्ष काढावा लागतो. मुलाला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवणे आणि पूर्ण काळ पालकाने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने सोबत राहणे बंधनकारक आहे. मुलगी रुग्ण असून पालक पुरुष असेल, तर स्त्री सोबतीण नेमावी लागते. दाखल केल्याची माहिती याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला ७२ तासांत कळवली जाते. मजुरीवर पोट असलेल्या आईबापांना दिवसचे दिवस वॉर्डात बसणे किती परवडेल, हा प्रश्न मात्र कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला आहे. जिवाला धोका असल्यास कलम ९४ प्रमाणे कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. बालमनोविकारतज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांतच असल्यामुळे तालुक्याच्या गावी ही तरतूद विशेष मोलाची ठरते. विद्युत्-आघात उपचार (मेंदूला विजेचे झटके देण्याचे उपचार) मात्र तातडीच्या नावाखाली देता येत नाहीत.

प्रत्यक्ष तपासणीत डॉक्टर आधी पालकांसमवेत आणि मग मुलाशी एकट्याने बोलतात. मरणाचे विचार येतात का, हे थेट विचारले जाते; विचारल्याने ते डोक्यात भरतात हा समज निराधार आहे. ‘लक्ष वेधून घेण्यासाठी नाटकं करते’ हे पालकांचे ठरलेले वाक्य तपासणीच्या खोलीत फार ऐकू येते, आणि त्यापायी मोलाचा वेळ जातो. त्यानंतर मुलाच्याच शब्दांत सुरक्षा-आराखडा लिहून घेतात: बेचैनी वाढू लागल्याची खूण कोणती, तेव्हा काय करायचे, घरात कोणाला उठवायचे, कोणाला फोन लावायचा. घरातील औषधे आणि शेतीची कीटकनाशके कुलपात ठेवण्याची जबाबदारी पालकांवर सोपवली जाते. लैंगिक अत्याचार उघडकीस आल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा) पोलिसांना कळवणे सक्तीचे असल्याने, संपूर्ण गुप्ततेचे वचन मुलाला देता येत नाही.

दूरध्वनीवरील मदत हा या सेवेचा पहिला उंबरठा होय. १९९६ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झालेली चाइल्डलाइन (१०९८) पुढे देशभर पोहोचली. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस या शासकीय उपक्रमाची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची निःशुल्क सेवाही उपलब्ध आहे.

रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे मानले जातात. म्हणून पुढील भेटीची तारीख घरी सोडण्यापूर्वीच ठरवली जाते, आणि मुलाने वर्गात परत कधी बसायचे, बुडालेल्या अभ्यासाचे काय आणि शाळेत किती सांगायचे, हेही त्याला विचारूनच ठरवणे इष्ट असते.