फ्रिजमधील आरंभीचे स्वयंचलित तापमान नियंत्रण

घरगुती विद्युत फ्रिजचा कॉम्प्रेसर, म्हणजे वाफ दाबून थंडीचे चक्र चालवणारा पंप, आतील थंडीनुसार आपोआप चालू-बंद करणारी योजना. ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत आकाराला आली. यंत्राने थंडी निर्माण करण्याचे तंत्र बर्फाच्या कारखान्यांत त्याआधीच रुळले होते. पण तिथे दाबमापकावर नजर ठेवून झडपा फिरवणारा कामगार हजर असे. घरात असा कामगार कोण ठेवणार? त्यामुळे घरगुती फ्रिजच्या इतिहासात या छोट्या नियंत्रकाला कॉम्प्रेसरइतकेच मोठे स्थान द्यायला हवे. केल्व्हिनेटर कंपनीने १९१८ मध्ये बाजारात आणलेला फ्रिज स्वयंचलित नियंत्रण असलेल्या पहिल्या फ्रिजपैकी एक मानला जातो.

नियंत्रकाची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली आहे. सहज वाफ होणारा थोडा द्रव एका बंद फुग्यात भरून तो फुगा बाष्पकाला, म्हणजे बर्फ जमतो त्या भागाला, चिकटवलेला असतो. बाष्पक तापू लागला की फुग्यातील वाफेचा दाब वाढतो. तो बारीक नळीतून धातूच्या घडीदार भात्यापर्यंत पोहोचतो, भाता स्प्रिंगविरुद्ध फुलतो आणि खटका पडून कॉम्प्रेसरची मोटर सुरू होते. विजेचे संपर्कबिंदू सावकाश विलग झाले, तर ठिणगी रेंगाळून ते जळतात, म्हणून खटका झटक्यातच पडावा लागतो. चालू आणि बंद होण्याच्या तापमानांत मुद्दाम अंतर ठेवतात. ते नसते तर मोटर क्षणाक्षणाला सुरू होऊन लवकर निकामी झाली असती. बाहेरची चकती फिरवल्यावर फक्त स्प्रिंगचा ताण बदलतो. चकतीवरचे आकडे म्हणूनच अंश नव्हेत.

काही यंत्रांत फुगा नसे. शीतकद्रव्याचा, म्हणजे फ्रिजच्या नळ्यांत फिरून उष्णता वाहून नेणाऱ्या द्रव्याचा, दाब आणि त्याचे उत्कलन तापमान एकमेकांशी बांधलेले असल्याने कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या वाफेच्या दाबावरच खटका चालवला जाई. गळती होऊन दाब घटला, तर मात्र हे गणित चुके.

दोन्ही पद्धतींची मोठी मर्यादा म्हणजे हिम. बाष्पकावर हिमाचा जाड थर साचला की आतील हवेची उष्णता तिथवर नीट पोहोचत नाही. बाष्पक गार असल्याने नियंत्रक मोटर थांबवतो आणि दूध मात्र कोमटच राहते. त्यामुळे ठरावीक दिवसांनी फ्रिज हाताने बंद करून हिम वितळवावे लागे. पुढे चकतीच्या मधोमध बटण आले: ते दाबले की हिम वितळेपर्यंत मोटर थांबते आणि नंतर आपोआप सुरू होते. भारतातील एकदारी फ्रिजमध्ये ते बटण आजही दिसते.