युनिक्स शेल : सिस्टिम कॉल वापरून बांधणी

शेल म्हणजे वापरणाऱ्याने टाइप केलेली ओळ वाचून त्याबरहुकूम दुसरे प्रोग्रॅम चालवणारा प्रोग्रॅम. युनिक्समध्ये तो कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, भाग नाही. इतर कुठल्याही प्रोग्रॅमसारखा तोही सिस्टिम कॉल (कर्नलला केलेली विनंती) करूनच कर्नलकडून काम करून घेतो. म्हणूनच सी भाषा जेमतेम येणाऱ्या विद्यार्थ्यालाही चालता शेल स्वतः लिहिता येतो. ‘शेल’ हे नाव लुई पूझँ यांनी मल्टिक्स या युनिक्सपूर्वीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळात दिले. युनिक्सचा पहिला शेल केन टॉम्प्सन यांचा. स्टीफन बॉर्न यांचा शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला, तर ब्रायन फॉक्स यांचा बॅश १९८९ मध्ये.

मूळ चक्र. प्रॉम्प्ट छापायचा, ओळ वाचायची, तिचे शब्द सुटे करायचे आणि फोर्क करायचा. फोर्क चालू प्रोसेसची, म्हणजे चालत असलेल्या प्रोग्रॅमची, प्रत काढतो. कॉल एकदाच केलेला असतो, पण उत्तर दोन ठिकाणी मिळते : चाइल्डला (नव्या प्रतीला) शून्य, पॅरेंटला (मूळ प्रोसेसला) चाइल्डचा पीआयडी, म्हणजे प्रोसेस क्रमांक. चाइल्ड एक्झेक करून स्वतःच्या जागी मागितलेला प्रोग्रॅम आणतो आणि तो संपेपर्यंत पॅरेंट वेटमध्ये थांबतो.

एक्झेक यशस्वी झाला तर परत येतच नाही. त्याच्या पुढची ओळ चालली, तर कमांड सापडली नाही किंवा चालवता आली नाही असे समजावे आणि चाइल्डला तिथेच संपवावे. कमांड न सापडल्यास १२७ हा स्टेटस (संपताना पॅरेंटला कळवायचा आकडा) देण्याची रीत आहे. हे राहून गेले की चाइल्ड दुसरा शेल होऊन त्याच चक्रात फिरू लागतो. तीन वेळा चुकीची कमांड दिली, की बाहेर पडायला ‘एक्झिट’ चार वेळा टाइप करावे लागते. पहिल्यांदा शेल लिहिणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव येतो, आणि फोर्क म्हणजे काय हे त्याच दिवशी पक्के कळते.

‘सीडी’ (डिरेक्टरी बदलणारी कमांड) शेलच्या आत का? युनिक्सच्या जनकांपैकी एक डेनिस रिची यांनी नोंदवले आहे की पीडीपी-७ या संगणकावर फोर्क असेंब्लीच्या अवघ्या २७ ओळींत बसला. पण तो आल्याबरोबर डिरेक्टरी बदलण्याची कमांड चालेनाशी झाली. ती आता चाइल्डमध्ये चालत होती : डिरेक्टरी बदलायची ती चाइल्डची, आणि चाइल्ड संपला की तो बदलही जायचा. तेव्हापासून सीडी शेल स्वतःच, फोर्क न करता, चालवतो.

फोर्क आणि एक्झेक यांमधली जागा. नवी प्रोसेस काढणे आणि नवा प्रोग्रॅम चढवणे ही दोन कामे वेगळी ठेवली, यातच युनिक्सची खरी कमाई आहे. या दोहोंच्या मध्ये चाइल्ड अजून आपलाच कोड चालवत असतो. तिथे फाइल ओपन करून डुप२ या कॉलने ती १ या डिस्क्रिप्टरवर (डिस्क्रिप्टर म्हणजे उघड्या फाइलचा क्रमांक; १ हा नेहमीच्या आउटपुटचा) बसवली की आउटपुट फाइलमध्ये जाते. चालवलेल्या कमांडला, समजा ओळी क्रमाने लावणाऱ्या ‘सॉर्ट’ला, याचा पत्ताही नसतो, तो नेहमीप्रमाणे १ वर लिहीत राहतो.

पाइप. एका प्रोग्रॅमचे आउटपुट दुसऱ्याला पोचवणारी ही नळी. शेल इथे खरा अडतो. कोल्हापुरात मुलांना हा भाग शिकवताना प्रस्तुत लेखक शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्यांची फाइल घेतो : एका ओळीत तारीख, रव्यांची संख्या, दर. ‘कॅट सौदे | सॉर्ट’ (कॅट फाइल वाचून पाइपमध्ये टाकतो, सॉर्ट ती तिथून घेतो) ही कमांड पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यांवर झटकन चालते. अख्ख्या हंगामाची फाइल दिली की पडदा गप्प. कारण मुलांच्या शेलने आधी कॅटसाठी वेट केलेला असतो आणि सॉर्टचा फोर्क त्यानंतर ठेवलेला असतो. लिनक्सवर पाइपमध्ये सहसा ६५,५३६ बाइट मावतात. तेवढे भरले की कॅट वाचणाऱ्याची वाट बघतो, शेल कॅटची, आणि वाचणारा सॉर्ट तर अजून जन्मालाच आलेला नसतो. दोन्ही फोर्क आधी करावेत, वेट शेवटी.

तेवढे सुधारूनही सॉर्ट कधीकधी लटकतोच. पाइपचे लिहिण्याचे टोक कुठल्याही प्रोसेसकडे उघडे असेल, तोवर वाचणाऱ्याला फाइल संपल्याची खूण मिळत नाही. बहुधा ते टोक शेलकडेच उघडे राहिलेले असते. फोर्कमुळे सॉर्टलाही त्याची एक प्रत मिळालेली असते. दोघांनीही ते क्लोज करायला हवे. कोड तासभर उलटापालटा करण्यापेक्षा कागदावर प्रत्येक प्रोसेसचे डिस्क्रिप्टर मांडावेत. चूक पाच मिनिटांत दिसते.

सिग्नल. कंट्रोल-सी दाबल्यावर कमांड थांबावी, शेल नाही, म्हणून शेल त्या वेळी कर्नलकडून येणारा थांबण्याचा सिग्नल दुर्लक्षित करतो. दुर्लक्षाची ही सेटिंग फोर्क आणि एक्झेक दोन्ही ओलांडून टिकते. त्यामुळे चाइल्डने एक्झेकपूर्वी ती मूळ स्थितीत आणावी, नाहीतर ‘स्लीप १०००’ (हजार सेकंद नुसती थांबणारी कमांड) कंट्रोल-सीला दाद देत नाही.