चित्रफीत म्हणजे पुरावा: ‘द वर्ल्ड ॲट वॉर’ची पार्श्वभूमी

‘द वर्ल्ड ॲट वॉर’ ही दुसऱ्या महायुद्धावरची २६ भागांची मालिका ब्रिटनच्या आयटीव्ही या व्यावसायिक वाहिनीवर ३१ ऑक्टोबर १९७३ ला सुरू झाली आणि ८ मे १९७४ ला, म्हणजे युरोपातल्या विजयाच्या वाढदिवशीच, संपली. निर्मिती थेम्स टेलिव्हिजनची, निर्माते जेरेमी आयझॅक्स, निवेदन लॉरेन्स ऑलिव्हिए यांचं, संगीत कार्ल डेव्हिस यांचं. एवढं कुठेही वाचायला मिळतं. पन्नास वर्षांनंतरही या मालिकेकडे पुरावा म्हणून का पाहता येतं, हे कळायला मात्र १९६४ मधल्या एका भांडणापर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी बीबीसीने पहिल्या महायुद्धावर ‘द ग्रेट वॉर’ दाखवली. तीही २६ भागांची, आणि लंडनचं इम्पीरियल वॉर म्युझियम तिच्यात भागीदार होतं. तांत्रिक बाजू कौतुकाची होती. सेकंदाला साधारण १६ फ्रेम्सनी टिपलेली मूकफिल्म आजच्या वेगाने चालवली की सैनिक तुरुतुरु पळताना दिसतात. म्हणून दर दुसरी फ्रेम दोनदा छापून १६ च्या २४ केल्या आणि माणसं माणसांसारखी चालू लागली. बिनसलं ते वेगळ्याच जागी. प्रेक्षकाचा गोंधळ होऊ नये म्हणून ब्रिटिश एका दिशेला आणि जर्मन उलट दिशेला जाताना दाखवायचं ठरलं होतं, आणि त्यासाठी काही दृश्यं चक्क आरशासारखी उलटवली गेली. असं दृश्य ओळखायचं असेल तर रायफल पाहावी. बोल्टची मूठ उजवीकडे असते. ती डावीकडे दिसली आणि सगळीच पलटण डावखुरी निघाली, तर फिल्म उलटी लावलेली आहे. त्याहून गंभीर प्रकार म्हणजे नंतर अभिनय करून घेतलेली दृश्यं खऱ्या लढाईच्या चित्रणात बेमालूम मिसळली होती. म्युझियमचे संचालक नोबल फ्रँकलंड यांनी यावर जोरदार हरकत घेतली. ते स्वतः दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडचे नॅव्हिगेटर होते आणि पुढे बॉम्बहल्ल्यांच्या अधिकृत इतिहासाचे सहलेखक झाले. कागदपत्राला लावायची कसोटी फिल्मलाही लावली पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

हेच फ्रँकलंड ‘द वर्ल्ड ॲट वॉर’चे इतिहास-सल्लागार झाले. आयझॅक्स यांनी त्यांच्याकडून युद्धातल्या पंधरा प्रमुख मोहिमांची यादी घेतली आणि प्रत्येकीला एक भाग दिला. उरलेले अकरा भाग नाझी जर्मनीचा उदय, ब्रिटन आणि जर्मनीतलं घरचं जीवन, व्यापलेला हॉलंड, ज्यूंचा संहार अशा विषयांना मिळाले. ही वाटणी मला मालिकेतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो, कारण तिच्यामुळे रणगाड्यांच्या गोष्टीत रेशनच्या रांगाही आल्या. खर्च सुमारे ९ लाख पौंड झाला. त्या काळी माहितीपटासाठी ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती, आणि आयटीव्ही कंपन्यांवरचा सरकारी कर कमी झाला होता म्हणूनच ती उभी राहू शकली.

चित्रणाच्या बाबतीत नियम कडक होता: निवेदन ज्या जागेबद्दल आणि ज्या वेळेबद्दल बोलतंय, चित्रही शक्यतो तिथलंच हवं. सहनिर्माते जेरोम क्यूल हे या बाबतीत खमके होते, आणि पुढेही माहितीपटांतल्या जुन्या फिल्मच्या गैरवापरावर ते लिहीत राहिले.

हा नियम पाळणं अवघड का, हे कॅमेऱ्याकडे पाहिलं की उमगतं. युद्धात सर्रास वापरला जाणारा ‘आयमो’ हा चावीचा कॅमेरा होता. त्यात ३५ मिलीमीटरची १०० फूट फिल्म बसे. फुटाला १६ फ्रेम्स म्हणजे एकूण १६०० फ्रेम्स, आणि सेकंदाला २४ या हिशेबाने जेमतेम ६७ सेकंद. तेवढ्यातही मध्येच पुन्हा चावी द्यावी लागे. आवाज नोंदवण्याची सोय नाही. अंधारात काहीच उमटत नसे. अल अलामीनची लढाई २३ ऑक्टोबर १९४२ च्या रात्री पावणेदहाच्या सुमारास तोफांच्या भडिमाराने सुरू झाली. तेव्हा त्या रात्री संगिनी रोखून धुरातून पुढे येणाऱ्या सैनिकांची स्पष्ट चित्रं आली कुठून? ब्रिटिश लष्कराच्याच १९४३ च्या प्रचारपटासाठी अशी दृश्यं पाइनवूड स्टुडिओत घेतलेली होती. तसंच स्टालिनग्राडचं. नोव्हेंबर १९४२ मध्ये कलाचजवळ सोव्हिएत सैन्याच्या दोन फळ्या भेटल्या, ते बर्फातून धावत येऊन मिठ्या मारण्याचं प्रसिद्ध दृश्य कॅमेऱ्यासाठी नंतर पुन्हा घडवलेलं आहे. सोपी खूण अशी की हल्ला करणारे सैनिक समोरून येताना दिसत असतील, तर कॅमेरामन शत्रूच्या बाजूला उभा होता असं मानावं लागेल!

आवाजाचं मात्र सोवळं पाळलेलं नाही. रणांगणावरची फिल्म मुकी असल्यामुळे स्फोट, विमानं, पावलं हे सारं या मालिकेतही मागाहून जोडलेलं आहे. कान थोडा सावध ठेवलेला बरा.

दुसरं बलस्थान मुलाखतींचं. १९४० मध्ये विशीत असलेला माणूस १९७२ मध्ये पन्नाशी ओलांडलेला, म्हणजे आठवण शाबूत आणि बोलायला थोडा निवांत. आयझॅक्स यांनी नामांकित नेत्यांपेक्षा त्यांच्या हाताखालच्यांवर, म्हणजे सचिव, सहायक, साधे शिपाई, यांच्यावर भर दिला. हिटलरच्या सेक्रेटरी ट्राउडल युंगे आहेत. नाझींच्या एसएस संघटनेचा प्रमुख हिमलर, त्याचा अ‍ॅड्ज्युटंट (खास सहायक) कार्ल वोल्फ आहे. त्याला शोधून बोलतं करणं सर्वांत कठीण गेलं. हिमलरच्या उपस्थितीत झालेलं सामूहिक हत्याकांड आपण पाहिल्याचं तो कॅमेऱ्यासमोर कबूल करतो.

हिटलरचा शस्त्रास्त्रमंत्री आल्बर्ट श्पेअर हा वेगळाच मासला. संहाराबद्दल आपल्याला ठाऊक नव्हतं, ही भूमिका त्याने जन्मभर मिरवली. २००७ मध्ये त्याचं १९७१ मधलं एक खाजगी पत्र उजेडात आलं. ऑक्टोबर १९४३ मध्ये पोझेनला (आजचं पोलंडमधलं पोझ्नान) हिमलरने ज्यूंच्या कत्तलीबद्दल उघड भाषण केलं, तेव्हा आपण तिथे होतो, असं त्यात त्याने लिहिलंय. आता त्या पत्राच्या उजेडात त्याची मुलाखत पाहावी: सभ्य, मोजकं बोलणारा, विश्वासार्ह वाटणारा म्हातारा. खोटेपणा किती सफाईने वठवता येतो याचाच तो दस्तऐवज झाला आहे. मालिकेत न आलेल्या मुलाखतींचा ऐवजही मोठा आहे. २००७ मध्ये इतिहासकार रिचर्ड होम्स यांनी त्यातून ग्रंथ सिद्ध केला.

काही ठिकाणी मालिका जुनी झाली आहे. एनिग्मा या यंत्राने सांकेतिक केलेले जर्मन संदेश ब्रिटिश फोडत होते, हे गुपित १९७४ मध्ये, प्रक्षेपण संपल्यावर, जाहीर झालं. त्यामुळे अटलांटिकमधल्या पाणबुड्यांच्या दहाव्या भागात ते नाही. सोव्हिएत मृतांचा तेव्हाचा अधिकृत आकडा २ कोटी होता. आज तो २ कोटी ६० लाखांच्या वर मानतात. चीनला स्वतंत्र भाग नाही. भारतालाही नाही, आपला संबंध येतो तो चौदाव्या, बर्माच्या भागात, आणि त्याचं शीर्षकही व्हेरा लिन यांच्या गाजलेल्या इंग्रजी गाण्याचं आहे. मार्च १९४४ मध्ये इम्फाळच्या वाटेवर सांगशाकला मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन लढली, किंवा इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे वाचायला दुसरीकडेच जावं लागतं.

पाहायची असेल तर आवृत्ती तपासून घ्या. २०१० मध्ये फ्रेमगणिक साफसफाई करून नवी प्रत काढली, पण ती रुंद पडद्यासाठी १६:९ मध्ये. मूळ चित्र ४:३ चं. रुंदी तेवढीच ठेवून ते १६:९ मध्ये बसवायचं तर उंचीचा २५ टक्के भाग कापावा लागतो. मुलाखतीत कपाळ जातं, आणि लढाईच्या चित्रणात आभाळ नाहीतर पायाखालची जमीन. ओरखडे चालतील, पण चौकट मूळची हवी. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसणारी आवृत्ती मिळाली तर तीच घ्या, आणि टीव्हीचं झूम बंद ठेवा.