एक पत्ता बदलला तर नेमकं काय बदलतं?

मावसभावाने मॅजिक द गॅदरिंग ह्या पत्त्यांच्या खेळातल्या आपल्या डेकमधला (म्हणजे पत्त्यांच्या गठ्ठ्यातला) एक पत्ता काढला, त्याच्या जागी दुसरा टाकला, २० डाव खेळला, १२ जिंकला आणि जाहीर करून टाकलं की डेक आता एकदम सेट झाला. नागपुरात मनीष नगरात त्याच्या घरी गच्चीवरच्या खोलीत बसलो होतो, मे महिना, बाहेर ४५ डिग्री, आणि कूलरचा आवाज एवढा की बोलायचं तर ओरडूनच. मी म्हटलं २० डावांनी काहीच कळत नाही. तर म्हणे, "काऊन बे, जिंकून राहिलो ना मी, अजून काय पाहिजे तुले?" तेवढ्यात मावशी पन्हं घेऊन आली आणि विषय तिथेच राहिला, पण माझ्या डोक्यातून काही गेला नाही.

कारण बघा, खिशातलं पाच रुपयांचं नाणं २० वेळा उडवलं तर १२ किंवा जास्त वेळा छापा पडायची शक्यता जवळपास २५ टक्के आहे. म्हणजे ज्या बदलाने डेक ना सुधारला ना बिघडला, तोसुद्धा चारातून एकदा असाच "सेट झाला" दिसणार.

आधी ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅजिक द गॅदरिंग, १९९३ साली आला, बनवणारा रिचर्ड गारफिल्ड गणितातला पीएचडी (कॉम्बिनेटोरिक्स, म्हणजे मोजण्याचंच गणित, त्यामुळे पुढचं सगळं काही योगायोग नाही). रमीत सगळे एकाच कॅटमधून खेळतात, इथे प्रत्येक जण आपापला डेक घरून बांधून आणतो, कमीत कमी ६० पत्ते, आणि एका नावाचे जास्तीत जास्त ४. सुरुवातीला हातात ७ पत्ते, मग दर टर्नला एक उचलायचा, फक्त जो पहिला खेळतो तो पहिल्या टर्नला उचलत नाही. डेकमधले काही पत्ते म्हणजे लँड (साध्या लँडना ती ४ ची मर्यादा नाही), त्यातून ताकद मिळते आणि त्या ताकदीवर बाकीचे पत्ते खेळता येतात, दर टर्नला एकच लँड खाली ठेवायची. आमच्या ग्रुपात लँडला वावर म्हणतात. "दोन वावरांवर अडकलो बे" हे वाक्य दर रविवारी चार वेळा ऐकू येतं.

डेकचे ढोबळ प्रकार असतात. फास्ट डेक पहिल्या चार-पाच टर्नमध्ये समोरच्याचे २० पॉईंट संपवायला धावतो, कंट्रोल डेक सगळं थांबवत थांबवत डाव लांबवतो, रॅम्प डेक पटापट वावर वाढवून एकदम मोठा राक्षस उतरवतो, आणि मिडरेंज ह्या सगळ्यांच्या मधला. त्यात प्रत्येक पत्ता स्वतःच्या जिवावर चांगला, फास्टसमोर भिंत बनायचं आणि कंट्रोलसमोर सतत त्रास देत राहायचं. काळा-लाल-हिरवा रंग मिळून बनणारा जंड हा ह्याचा सगळ्यात गाजलेला नमुना. मिडरेंजची गंमत आणि वैताग एकच, की तो कुणासमोर फार वाईट नसतो आणि कुणासमोर फार भारीही नसतो, त्यामुळे त्यात जे काही कमवायचं ते एकेका पत्त्याच्या बारीक फरकातून. आणि नेमका तोच बारीक फरक खेळून दिसत नाही.

दिसत का नाही? समजा तुम्ही एकच पत्ता बदलला. ६० पत्त्यांतला एक विशिष्ट पत्ता, डाव लांबला आणि तुम्ही १५ पत्ते पाहिले तरी हातात यायची शक्यता १५ भागिले ६०, म्हणजे चारातून एकदा. उरलेल्या तीन डावांत तो पत्ता डेकच्या तळाशी झोपलेला होता, तो कुठला होता ह्याने काडीचा फरक पडला नाही. आता धरून चला की नवा पत्ता खरंच भारी आहे, हातात आला की जिंकायची शक्यता ८ टक्क्यांनी वाढवतो (८ टक्के म्हणजे खूप झाले हो), तरी एकूण डेकमध्ये वाढ किती, तर ८ चा चौथा हिस्सा, २ टक्के. आणि जिंकण्याचं प्रमाण २ टक्के इकडेतिकडे एवढ्या अचूकतेने मोजायचं असेल, ९५ टक्के खात्रीने, तर साधारण २,४०० डाव लागतात. आम्ही रविवारी सहा डाव खेळतो. ४०० रविवार. पावणेआठ वर्षं, आणि स्टँडर्ड फॉरमॅटमधून (फक्त अलीकडचे पत्ते चालतात तो खेळायचा प्रकार) जुने सेट दर काही काळाने बाद होतात, म्हणजे उत्तर मिळेपर्यंत प्रश्नच शिल्लक राहणार नाही.

मग करायचं काय, तर जे खेळून मोजता येत नाही ते बसून मोजायचं.

ह्याचं गणित अकरावी-बारावीत झालेलं असतं, पेटीतले लाल-पांढरे चेंडू आठवा, उचललेला चेंडू परत टाकायचा नाही. भारदस्त नाव हायपरजिओमेट्रिक वितरण, पण करायचं एवढंच की चार सारखे पत्ते ६० मध्ये आहेत, पहिला उचललेला त्यातला नसायची शक्यता ५६ भागिले ६०, दुसरा नसायची ५५ भागिले ५९, तिसरा ५४ भागिले ५८, असे सात वेळा गुणत जायचं. उत्तर येतं ६० टक्के. म्हणजे चारच्या चार पत्ते डेकमध्ये ठेवूनही पहिल्या हातात एक तरी यायची शक्यता फक्त ४० टक्के! तीन ठेवले तर साडेएकतीस, दोन ठेवले तर बावीस. एक्सेलमध्ये ह्याचं तयार फंक्शन आहे, मोबाईलवर पण होतं, दोन मिनिटांचं काम.

आता वावर. भावाच्या डेकमध्ये २४ होते. ७ पत्त्यांच्या हातात २, ३ किंवा ४ वावर आले तर हात खेळण्यासारखा, आणि असं व्हायची शक्यता ७७ टक्के. एक किंवा शून्य यायची १४ टक्के, पाच किंवा जास्त यायची ८. म्हणजे साधारण साडेचार हातांतून एक हात नुसत्या वावरांमुळेच खराब, त्यात ना तुमची चूक ना देवाची अवकृपा. हे एकदा कळलं की "माझंच नशीब असं" हे रडणं जरा कमी होतं. जरा.

पण मिडरेंजला खरा प्रश्न चौथ्या टर्नचा असतो, कारण त्याचे चांगले पत्ते चार-चार ताकदीचे. पहिले खेळत असाल तर चौथ्या टर्नपर्यंत १० पत्ते बघितलेले असतात, त्यात ४ किंवा जास्त वावर असायची शक्यता २४ वावरांवर ६३ टक्के, २५ वर साडेसदुसष्ट, २६ वर साडेएकाहत्तरच्या आसपास. एका पत्त्याने चार टक्के! हा फरक मला रविवारच्या सहा डावांत कधी दिसला नसता, आणि भाऊ तर दोन डाव वावर जास्त आले म्हणून २३ वर जायच्या गोष्टी करून राहिला होता. जास्त वावर आलेले डाव डोक्यात बसतात, कारण हातात पाच निरुपयोगी पत्ते धरून मरायला लागतं, आणि चौथं वावर एक टर्न उशिरा आल्यामुळे हळूच हरलेला डाव आपण विसरून जातो.

चार ठेवायचे की तीन, हा असाच दुसरा घोळ. लेजेंडरी प्रकारचा पत्ता असेल तर एका नावाचा एकच तुमच्याकडे टेबलावर राहतो, दुसरा हातात आला तर पहिला मरेपर्यंत तो ओझंच. चार ठेवले तर १० पत्त्यांत एक तरी दिसायची शक्यता ५३ टक्के, पण दोन किंवा जास्त येऊन गर्दी व्हायची साडेबारा. तीन ठेवले तर दिसायची ४३ आणि गर्दीची फक्त ७. गणित इथे उत्तर देत नाही हे लक्षात घ्या, ते फक्त भाव सांगतं: दहा टक्के डावांत पत्ता मिळणार नाही, त्याबदल्यात साडेपाच टक्के डावांत गर्दी टळेल. घ्यायचं की नाही हे पत्त्यावर. ज्याच्याशिवाय डेक चालतच नाही त्याचे चार, जो आला तर बरा त्याचे तीन, आणि सहा ताकदीचा महागडा ड्रॅगन असेल तर दोन पण खूप झाले असं माझं मत आहे, भावाचं नाही.

थॉटसीझ नावाचा पत्ता घ्या. एका ताकदीत समोरच्याचा हात बघायचा आणि लँड सोडून कुठलाही एक पत्ता फेकायला लावायचा, किंमत म्हणून स्वतःचे २ पॉईंट जातात. पहिल्या टर्नला सोनं. आठव्या टर्नला समोरच्याचा हात रिकामा असताना कागद. आणि फास्ट डेकसमोर ते २ पॉईंट म्हणजे त्याचंच काम आपण करून दिल्यासारखं. मग हा पत्ता चांगला की वाईट? एकट्या पत्त्याबद्दल हा प्रश्नच चुकीचा आहे, समोर कोण बसणार त्यावर आहे.

त्याचाही हिशोब होतो. समजा (हे आकडे मी मनाने धरतोय) ४० टक्के लोक फास्ट डेक आणतात, ३० कंट्रोल, ३० रॅम्प, आणि तुमचा मिडरेंज त्यांच्यासमोर अनुक्रमे ६०, ५० आणि ४० टक्के डाव जिंकतो. गुणून बेरीज केली की ५१. पुढच्या महिन्यात फास्टवाले हरून कंटाळले, ते २५ वर आले आणि रॅम्प ४५ वर गेला, तर तुमचे ४८. एकही पत्ता बदलला नाही, आणि जिंकणारा डेक हरणारा झाला.

निसर्गात हेच चालतं. कॅलिफोर्नियात एक लहान सरडा आहे, त्याच्या नरांचे गळे तीन रंगांचे. संत्री गळ्याचे दांडगट, मोठा इलाका बळकावतात आणि निळ्यांना हाकलतात. निळे आपल्या माद्यांवर नीट पहारा ठेवतात म्हणून पिवळ्यांची चोरी पकडतात. आणि पिवळे मादीसारखे दिसत गुपचूप संत्र्यांच्या मोठ्या इलाक्यात शिरतात, कारण एवढ्या मोठ्या जागेवर लक्ष ठेवणार कोण. सिनर्व्हो आणि लाइव्हली ह्या दोघांनी १९९६ मध्ये हे नेचर ह्या विज्ञान नियतकालिकात छापलं, की दर काही वर्षांनी एकेका रंगाची चलती येते आणि मग त्याला खाणारा रंग वाढतो. दगड-कागद-कात्री, फक्त सरड्यांमध्ये. आमच्या ग्रुपात हे चक्र तीन-चार रविवारांत फिरतं, एकाने रॅम्प आणला आणि सगळ्यांना चोपलं की पुढच्या वेळी दोन जण फास्ट घेऊन येतात.

म्हणून साइडबोर्ड. मुख्य डेकच्या बाहेर १५ पत्ते ठेवता येतात आणि तीनपैकी दोन जिंकायच्या मॅचमध्ये पहिल्या डावानंतर अदलाबदल करता येते. लोक सगळा जीव ६० पत्त्यांवर लावतात आणि हे १५ निघायच्या आदल्या रात्री भरतात, पण गणित करून बघा. पहिला डाव ४५ टक्के आणि बदलानंतरचे डाव ६० टक्के जिंकणारा डेक पूर्ण मॅच ५७ ते ५८ टक्के जिंकतो. उलट, पहिला ६० आणि नंतरचे ४५, तर मॅच जेमतेम ५०. कारण साधं आहे, पहिला डाव एकच असतो, नंतरचे कधी एक कधी दोन.

हे सगळं तेव्हाच खरं जेव्हा पत्ते नीट पिसलेले असतात. बायर आणि डायकोनिस ह्यांनी १९९२ मध्ये दाखवलं की ५२ पत्त्यांचा कॅट दोन ढीग एकमेकांत घुसवून पिसायचा तर साधारण सात वेळा लागतो, ६० ला त्याहून थोडं जास्त धरा. भाऊ तीनदा पिसतो. मागच्या डावातले वावर गठ्ठ्याने गोळा केलेले, ते तीनदा पिसून वेगळे होत नाहीत, आणि मग हा म्हणतो गणित खोटं आहे. शिवाय कूलर! खसाच्या ओल्या ताट्यांतून आलेली दमट हवा थेट टेबलावर, कागद ओलावा पिऊन फुगतो, वरचं फॉइल (काही पत्त्यांवर असतो तो चमकता थर) फुगत नाही, आणि पत्ता फॉइलच्या बाजूला वाकतो. वाकलेला पत्ता डेकमध्ये पाठीवरून ओळखू येतो, आणि स्पर्धेत त्याला खुणेचा पत्ता धरून पेनल्टी लागते. त्याचे चारही फॉइलवाले पत्ते असेच झालेत, आता नागपुरात मे महिन्यात कूलर बंद करून कोण खेळणार सांगा.

खेळून काहीच शिकता येत नाही असं मात्र नाही. जिंकलो-हरलो हा एका डावाला एकच आकडा मिळतो, पण त्याच डावात दहा-पंधरा पत्ते हातातून जातात. म्हणून आम्ही आता वही ठेवलीय, डाव संपल्या संपल्या, चहा यायच्या आधी, हातात आलेल्या प्रत्येक पत्त्यासमोर खूण करायची, हवा होता की नको होता. लगेच लिहायचं, संध्याकाळी आठवून लिहिलं तर आवडत्या पत्त्याची बाजू आपोआप घेतली जाते. ह्याने पक्का पुरावा मिळत नाही, पण महिन्याभरात संशय कुणावर घ्यायचा ते कळतं, मग त्या पत्त्याचं गणित करायचं.

सध्या डेकमध्ये २५ वावर आहेत, लेजेंडरी तीन, थॉटसीझ दोन मुख्य डेकमध्ये आणि दोन साइडबोर्डमध्ये. सहा ताकदीच्या ड्रॅगनसमोर "नको होता"च्या अकरा खुणा झाल्यात आणि "हवा होता"च्या दोन. मी वही समोर धरली. भावाने शांतपणे बघितलं, म्हणे दोन वेळा आला तेव्हा कसा आला ते आठव ना, आणि पत्ते गोळा करून पिसायला घेतले. तीनदाच.