व्ह्यू कोणाच्या मालकीचा? मॅकच्या इंटरफेस प्रोग्रॅमिंगची पार्श्वभूमी

एक्सकोड या ॲपलच्या ॲप लिहिण्याच्या साधनात खिडकीतलं एखादं बटण ओढून कोडच्या फाइलमध्ये सोडलं की एक छोटी चौकट उघडते आणि विचारते: हा रेफरन्स स्ट्राँग ठेवायचा की वीक? रेफरन्स म्हणजे मेमरीतल्या ऑब्जेक्टकडे, म्हणजे प्रोग्रॅमच्या एखाद्या घटकाकडे, दाखवलेलं बोट; स्ट्राँग असेल तर तो ऑब्जेक्टला जिवंत धरून ठेवतो, वीक असेल तर नाही. मॅकसाठी ॲप लिहायला नुकतीच सुरुवात केलेला विद्यार्थी हमखास इथे अडतो. २०१२च्या आसपासचं पुस्तक उघडलं तर उत्तर मिळतं वीक. २०१५ नंतरचं साहित्य पाहिलं तर स्ट्राँग. दोन्ही उत्तरं आपापल्या काळात बरोबर होती. ती का बदलली, हे नुसते नियम पाठ करून कळत नाही. त्यासाठी व्ह्यू (पडद्यावर दिसणारा भाग), कंट्रोल (बटणासारखा वापरता येणारा भाग) आणि रेफरन्स या तीन गोष्टी इथवर कशा आल्या ते पाहावं लागतं.

सुरुवात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात होते. नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्सकाउग १९७८-७९मध्ये वर्षभर तिथे होते. त्याआधी त्यांनी जहाजबांधणीसाठी सॉफ्टवेअर लिहिलं होतं, त्यामुळे गुंतागुंतीची माहिती माणसाला वेगवेगळ्या बाजूंनी पाहता यावी ही गरज त्यांच्या चांगल्या परिचयाची होती. डिसेंबर १९७९च्या एका छोट्या टिपणात त्यांनी मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर अशी विभागणी मांडली. माहिती मॉडेलकडे, ती दाखवण्याचं काम व्ह्यूकडे, माउस आणि कीबोर्डकडून येणाऱ्या सूचना घेण्याचं काम कंट्रोलरकडे.

या विभागणीतली सर्वांत महत्त्वाची अट अशी की मॉडेलला व्ह्यूची ओळख असता कामा नये. एकच आकडेवारी एका खिडकीत तक्ता म्हणून आणि दुसरीत आलेख म्हणून दिसू शकते. आकडेवारीला त्याच्याशी काही देणंघेणं नसावं. पण मग आकडा बदलला हे व्ह्यूला कळवायचं कोणी? स्मॉलटॉक-८० या प्रोग्रॅमिंग भाषेत यासाठी ‘डिपेंडंट्स’ची सोय होती. कोणतं ऑब्जेक्ट कोणावर अवलंबून आहे याची नोंद एका सामाईक डिक्शनरीत होत असे. स्मॉलटॉकमध्ये वापरात नसलेली मेमरी आपोआप मोकळी होते, तरीही या डिक्शनरीत नोंद राहून गेली तर ऑब्जेक्ट कायमचं जिवंत राही. खिडकी बंद, व्ह्यू पडद्यावर नाही, आणि मेमरी मात्र अडकलेली. पुढे ‘मॉडेल’ नावाचा वेगळा क्लास (ऑब्जेक्टचा साचा) आला आणि त्याने ही यादी स्वतःजवळ ठेवायला सुरुवात केली, तेव्हा हा त्रास पुष्कळ कमी झाला. कोण कोणाला धरून ठेवतं हा प्रश्न आजचा आहे असं वाटतं, पण तो व्ह्यूच्या जन्मापासूनच सोबत आहे.

१९८४च्या मॅकिंटॉशमध्ये मेमरी होती फक्त १२८ केबी. तिथे ऑब्जेक्ट्सची चैन परवडणारी नव्हती. बटणं आणि स्क्रोलबार सांभाळायला कंट्रोल मॅनेजर होता आणि प्रत्येक कंट्रोल ‘हँडल’मधून हाताळला जाई. पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता, आणि हँडल म्हणजे पॉइंटरचा पॉइंटर. जागा इतकी अपुरी की सिस्टिम मेमरीतले ठोकळे सतत इकडून तिकडे सरकवायची. आतला पॉइंटर ती बदलायची, तुमच्या हातातला हँडल तोच राहायचा. आतला पॉइंटर काढून घेतला आणि मधेच मेमरी हलवणारं एखादं फंक्शन बोलावलं, की हातात जुना पत्ता उरायचा. त्या काळच्या मॅक प्रोग्रॅमरने हा धडा सोसून शिकलेला असे. विंडोजने वेगळी वाट धरली. तिथे प्रत्येक बटण हीच एक खिडकी, आणि तिची ओळख म्हणजे सिस्टिमने दिलेला एक क्रमांक. मोठी खिडकी नष्ट केली की तिच्यातल्या सगळ्या लहान खिडक्या सिस्टिमच नष्ट करते. वरच्याने खालच्यांचा सांभाळ करायचा, हा नियम तिथे लख्ख दिसतो.

आजच्या मॅकवरची रचना मात्र थेट नेक्स्ट कंपनीकडून आली आहे. १९८८मध्ये सादर झालेल्या नेक्स्टच्या संगणकात २५ मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८०३० प्रोसेसर आणि ८ एमबी मेमरी होती. भाषा ऑब्जेक्टिव्ह-सी. तिच्या ॲप्लिकेशन किटमध्ये ‘व्ह्यू’ हा मूळ क्लास: पडद्यावरचा एक आयत, स्वतःची कोऑर्डिनेट सिस्टिम असलेला, स्वतःला रंगवणारा, पोटात इतर व्ह्यू बाळगणारा. ‘कंट्रोल’ हा त्याचाच एक प्रकार. वापरणाऱ्याने काही केलं की तो ठरावीक ऑब्जेक्टला ठरावीक संदेश पाठवतो. ते ऑब्जेक्ट म्हणजे टार्गेट, तो संदेश म्हणजे ॲक्शन. रीन्सकाउगांच्या मांडणीत वेगळा असलेला इनपुटचा भाग इथे व्ह्यूमध्येच विरघळला, आणि ‘कंट्रोलर’ हे नाव मॉडेल आणि व्ह्यू यांची गाठ घालणाऱ्या ऑब्जेक्टकडे गेलं. जुन्या आणि नव्या साहित्यात हा शब्द वेगळ्या अर्थाने भेटतो, तो यामुळे.

त्या यंत्रावर व्ह्यू ही महागडी वस्तू होती. शेकडो खाने असलेल्या तक्त्यात प्रत्येक खान्याला स्वतंत्र व्ह्यू देणं शक्यच नव्हतं. म्हणून ‘सेल’ आला. सेल म्हणजे रंगवण्याचं आणि क्लिक ओळखण्याचं काम करणारं हलकं ऑब्जेक्ट, ज्याला व्ह्यूच्या झाडात (एकात एक बसवलेल्या व्ह्यूंच्या रचनेत) स्वतःची जागा नसते. बटणाला मथळा दिला की बटण तो आपल्या सेलकडे सोपवी. तक्त्याच्या एका रकान्यासाठी एकच सेल असे. प्रत्येक ओळीसाठी त्यात नवी किंमत भरायची, रंगवून घ्यायचं आणि पुढच्या ओळीकडे जायचं. ही काटकसर फार हुशारीची होती, आणि तिची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. मॅकच्या २०११च्या लायन आवृत्तीत तक्त्यांना खरेखुरे व्ह्यू वापरता येऊ लागले, २०१४च्या योसेमिटी आवृत्तीत सेलकडची बरीचशी फंक्शन्स कंट्रोलकडे आली. तरीही एनएसटेक्स्टफील्डमधला, म्हणजे मॅकवरच्या मजकुराच्या चौकटीतला, मजकूर उभ्या दिशेने मध्यावर आणायचा असेल तर आजही लोक सेलचाच सबक्लास (त्यावर बेतलेला उपप्रकार) लिहितात.

मजकुराच्या चौकटीत त्याच काटकसरीची आणखी एक खूण आहे, आणि ती प्रत्येकाने एकदा स्वतः तपासून पाहावी. टेक्स्टफील्डमध्ये क्लिक करा, टाइप करायला लागा आणि खिडकीला विचारा की तुझा फर्स्ट रिस्पॉन्डर, म्हणजे टाइप केलेलं आधी घेणारा, कोण. उत्तरात टेक्स्टफील्ड येत नाही, येतो एक एनएसटेक्स्टव्ह्यू. तो फील्ड एडिटर. साधारणपणे एका खिडकीतल्या सगळ्या चौकटींना मिळून असा एकच एडिटर असतो. ज्या चौकटीत कर्सर जाईल तिच्या पोटात तो जाऊन बसतो आणि त्या चौकटीला आपला डेलिगेट, म्हणजे घडामोडी ज्याला कळवायच्या ते ऑब्जेक्ट, मानतो. अक्षरं खरी घेतो तो हा. ‘कर्सर या चौकटीत आहे का’ ही साधी तुलना नेहमी खोटी का ठरते, ते इथे उलगडतं. चौकटीला करंट एडिटर विचारला तर बरोबर उत्तर मिळतं.

नेक्स्टची दुसरी देणगी इंटरफेस बिल्डर. फ्रान्सच्या जाँ-मारी युलो यांनी तो आधी लिस्पमध्ये, मॅकिंटॉशसाठी केला होता; नंतर ते नेक्स्टमध्ये आले. या साधनातून कोड तयार होत नसे. पडद्यावर मांडलेली ऑब्जेक्ट्स जशीच्या तशी निब फाइलमध्ये साठवली जात आणि प्रोग्रॅम सुरू झाला की पुन्हा जिवंत होत. कोडला ती सापडावीत म्हणून ‘आउटलेट’: क्लासमधलं एक नाव, ज्याला फाइल उघडताना योग्य ऑब्जेक्ट जोडलं जातं. टिम बर्नर्स-ली यांनी १९९०मध्ये सर्नमध्ये पहिला वेब ब्राउझर लिहिला तो नेक्स्टवरच, आणि ते काम काही महिन्यांत झालं यात या साधनांचा मोठा वाटा होता.

मेमरीचा हिशेब तेव्हा हातानेच ठेवावा लागे: वापरून झालं की ‘फ्री’ म्हणायचं. १९९४च्या ओपनस्टेपमध्ये रिटेन आणि रिलीज आले. प्रत्येक ऑब्जेक्टला किती जणांनी धरलं आहे याची मोजणी. ती शून्यावर आली की ऑब्जेक्ट संपलं. याच वेळी व्ह्यूच्या मालकीचा नियम पक्का झाला. बाहेरचा व्ह्यू आतल्या व्ह्यूला धरून ठेवतो, आतला बाहेरच्याला धरत नाही. कंट्रोल आपल्या टार्गेटला धरत नाही, तक्ता आपल्या डेलिगेटला धरत नाही. दोघांनी एकमेकांना धरलं तर मोजणी कधीच शून्यावर येणार नाही, म्हणून वर जाणारा प्रत्येक रेफरन्स मालकीविना ठेवला गेला.

नियम योग्य होता, पण त्यात एक भयंकर फट होती. डेलिगेट आधी संपला आणि तक्ता अजून जिवंत असला, तर तक्त्याकडे मेलेल्या ऑब्जेक्टचा पत्ता उरायचा. ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये निलला, म्हणजे रिकाम्या रेफरन्सला, संदेश पाठवला तर काही होत नाही. मेलेल्या पत्त्यावर पाठवला तर प्रोग्रॅम कोसळतो, तोही चूक जिथे झाली तिथून फार लांब. मग डीॲलॉक या ऑब्जेक्ट संपताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये ‘डेलिगेट निल करा’ ही ओळ न चुकता लिहिण्याची शिस्त आली. संपलेल्या ऑब्जेक्टला ‘झोंबी’ बनवून ठेवणारी खास सोय वापरून लोक अशा चुका शोधत असत.

१९९६च्या डिसेंबरमध्ये ॲपलने नेक्स्ट विकत घेण्याचं जाहीर केलं आणि २००१च्या मॅक ओएस टेनमध्ये ही सगळी रचना कोको या नावाने आली. क्लासच्या नावांपुढचा ‘एनएस’ ओपनस्टेपच्या वेळचा. २००७मध्ये लेपर्डसोबत ॲपलने आपोआप मेमरी मोकळी करणारा कलेक्टर दिला, पण तो टिकला नाही. २०१२मध्ये तो कालबाह्य ठरवला गेला आणि १ मे २०१५पासून तो वापरणारी ॲप्स मॅक ॲप स्टोअरने घेणं बंद केलं. खरं उत्तर २०११मध्ये आलं: एआरसी, म्हणजे रेफरन्सची आपोआप होणारी मोजणी. रिटेन आणि रिलीज आता कंपायलर स्वतः घालू लागला, आणि सोबत शून्य होणारे वीक रेफरन्स आले. ऑब्जेक्ट संपताच त्याच्याकडे बोट दाखवणारा प्रत्येक वीक रेफरन्स निल होतो. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची सुधारणा आहे, कारण तिने सतरा वर्षांची ती फट बुजवली.

लगेच सगळीकडे नाही, हेही खरं. काही जुन्या क्लासेसना वीक रेफरन्स चालतच नसे आणि लायनवर त्या यादीत एनएसविंडो, एनएसव्ह्यूकंट्रोलर आणि आपला तो एनएसटेक्स्टव्ह्यूही होता. ॲपकिटमधले (म्हणजे ॲप्लिकेशन किटमधले) डेलिगेट आणि टार्गेट खरे वीक व्हायलाही पुढच्या काही आवृत्त्या लागल्या.

आउटलेटचा वाद इथून सुरू झाला. व्ह्यूला त्याच्या वरच्या व्ह्यूने धरलेलंच आहे, मग कोडने पुन्हा कशाला धरायचं, म्हणून तेव्हाचा सल्ला वीक. आयफोनवर मेमरी कमी पडली की पडद्यामागचे व्ह्यू टाकून दिले जात, तिथे तर वीक सोयीचाच होता. २०१२मध्ये आयओएस ६ने ती पद्धत बंद केली आणि वीकचं मुख्य कारण गेलं. उलट तोटा ठळक झाला: व्ह्यू थोडा वेळ झाडातून काढला की वीक आउटलेट निल, आणि परत लावायला काही हातातच नाही. लेआउटचे कन्स्ट्रेंट, म्हणजे व्ह्यूंच्या जागा ठरवणारे नियम, वीक ठेवून निष्क्रिय केले तरी हीच गत होते. २०१५च्या ॲपलच्या विकासक परिषदेत आउटलेट सर्वसाधारणपणे स्ट्राँग ठेवा असं सांगितलं गेलं. मीही तेच सांगेन: आउटलेट स्ट्राँग, वीक राखून ठेवायचं ते डेलिगेटसाठी आणि वरच्या दिशेने जाणाऱ्या रेफरन्ससाठी.

ॲपलच्या २०१९च्या स्विफ्टयूआय या नव्या रचनेत व्ह्यू ऑब्जेक्ट राहिलाच नाही. तो स्ट्रक्ट झाला, म्हणजे रेफरन्सऐवजी प्रत होऊन दिली जाणारी किंमत: पडदा कसा दिसावा याचं वर्णन. त्याला धरून ठेवण्याचा प्रश्नच नाही. पण मॅकवर मोठा मजकूर नीट हाताळायचा झाला की एनएसटेक्स्टव्ह्यू आत घ्यावा लागतो, आणि त्याला डेलिगेट हवाच. तो डेलिगेट व्हायला कोऑर्डिनेटर नावाचं वेगळं ऑब्जेक्ट असतं. टेक्स्टव्ह्यू त्याला धरत नाही, म्हणून स्विफ्टयूआय त्याला जिवंत ठेवतं. आणि कोऑर्डिनेटरने आपल्या व्ह्यूची जी प्रत सुरुवातीला घेतली ती स्ट्रक्ट असल्याने शिळी होते, त्यामुळे अपडेटच्या फंक्शनमध्ये ती दरवेळी नव्याने सोपवावी लागते.