रेल्वे कंत्राटातले ‘व्हेरिएशन’ आणि कटिंगमधला खडक : पार्श्वभूमी

रेल्वेच्या बांधकामात ‘व्हेरिएशन’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. एक भावातला फरक, म्हणजे महागाईच्या निर्देशांकांवर चालणारे पीव्हीसी (प्राइस व्हेरिएशन क्लॉज, भावफरकाचे कलम). दुसरा परिमाणातला, म्हणजे कामाच्या मापातला फरक. खर्च वाढला की सगळे पहिल्याला दोष देतात. गळती मात्र बहुधा दुसऱ्यात असते.

भारतात रेल्वेची सुरुवातच काटकसरीला मारक अटींवर झाली. १८४९ च्या करारांनी कंपन्यांना भांडवलावर ५ टक्के परताव्याची सरकारी हमी मिळाली, जमीनही फुकट. भोर घाट (१८५६ ते १८६३) याच व्यवस्थेत बांधला गेला.

आता रेल्वे कंत्राटाच्या सर्वसाधारण अटींतले कलम ४२. एखाद्या बाबीचे परिमाण २५ टक्क्यांपर्यंत वाढले तर कराराचाच दर. त्यापुढचे काम त्याच ठेकेदाराकडून करून घेताना, मूळ परिमाणाच्या १४० टक्क्यांपर्यंतच्या वाढीव भागाला दराच्या ९८ टक्के आणि १५० पर्यंत ९६ टक्के. जास्त काम म्हणजे दर उतरायला हवा, हा हिशेब सपाट मैदानात बरोबर आहे.

घोळ या कलमातल्या सवलतीत आहे. पायाच्या कामाला मर्यादाच नाही, आणि ते योग्यच, कारण पुलाच्या पायाची विहीर किती खोल जाईल ते आधी कोण सांगणार? मातीकामात मात्र २५ टक्के एकूण परिमाणाला लागतात, माती-खडकाच्या वर्गीकरणाला नाहीत. समजा, १ लाख घनमीटर कटिंग, म्हणजे रुळांसाठी डोंगर कापण्याचे काम आहे. त्यात ६० हजार माती १५० रुपयांनी आणि ४० हजार कठीण खडक ६०० रुपयांनी धरला. एकूण ३.३० कोटी. प्रत्यक्षात माती ३० हजार आणि खडक ७० हजार निघाला, तर बिल ४.६५ कोटी, म्हणजे ४१ टक्के जास्त. एकूण घनमीटर तेवढेच, त्यामुळे कलमाच्या हिशेबी व्हेरिएशन शून्य.

याला उपाय म्हणून टक्केवारी निविदा पुढे केली जाते, म्हणजे रेल्वेच्या ठरलेल्या दरांवर ठेकेदाराने फक्त टक्का वर-खाली सांगायचा. सगळ्या बाबींना एकच टक्का लावला की सर्वांत कमी बोलीचा क्रम पुढे बदलत नाही, हे खरे. पण शेड्यूल अ, ब, क अशा बाबींच्या गटांना वेगवेगळे टक्के असले की परिमाण सरकताच पहिला बोलीदार दुसरा ठरू शकतो. म्हणून व्हिशिएशनचा, म्हणजे बोलीचा क्रम बिघडला का हे तपासणारा तक्ता काढावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा उशिरा निघतो.

मूळ दुखणे सर्वेक्षणात आहे. चाचणी खड्डे रेल्वेमार्गाच्या मध्यरेषेवर, तेही लांब लांब घेतले की बाजूच्या उतारातला बेसाल्ट कागदावर येतच नाही. सुधारित अंदाजपत्रक मागवले जाते तेव्हा वर्गीकरण मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाच्या नोंदवहीत चढलेले असते, आणि खडक सुरुंगाने फुटून भरावात गेलेला असतो.