फड (तमाशाचा)

तमाशा सादर करणाऱ्या कलावंतांचा संघ. ऊसतोडीचा फड, कुस्त्यांचा फड, वारकऱ्यांचा फड आणि पेशवाईतील हिशेबी दफ्तराचा फड हे याच शब्दाचे इतर वापर. यांतील शेवटच्या अर्थाने व्युत्पत्तीचा घोळ झाला आहे. ‘फडणीस’ हे फारसी ‘फर्दनवीस’चे रूप मानणारे फडाचे नाते फर्दशी, म्हणजे हिशेबाच्या कागदाशी, लावतात. दुसरा पक्ष ‘माणसे जमण्याची जागा’ हा अर्थ मूळचा धरतो. ऊस, कुस्ती आणि कीर्तन यांत कागदाला स्थान नाही. तेव्हा निदान तमाशापुरते दुसरे मत सयुक्तिक वाटते. जागेचे नाव पुढे तिथे जमणाऱ्यांना चिकटले असावे.

शाहिराभोवती ढोलकी, तुणतुणे, कडे आणि दोघे-तिघे झीलकरी (मागून साथीला गाणारे) एवढ्यावर जुन्या लावणीचे भागत असे. वग (तमाशातले कथानाट्य) आला आणि पात्रे वाढली. सरदार, सोंगाड्या, मावशी अशी कामे वाटली गेली. सावळजच्या (ता. तासगाव, जि. सांगली) उमा सावळजकरांचा ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग समजतात व तो १८६५ च्या सुमारास ठेवतात. १९४९ पर्यंत तासगाव सातारा जिल्ह्यात होते, हे जुने उल्लेख वाचताना ध्यानात ठेवावे. सांगलीत १८४३ मध्ये झालेल्या विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’ नाटकाशी वगाचा संबंध जोडण्याचा मोह होतो. भाव्यांच्या नाटकांतही पात्रांचे गद्य आयत्या वेळचे असे, हे साम्य खरेच. परंतु बतावणी, म्हणजे तमाशातले आयत्या वेळचे विनोदी संवाद, घरात असताना उसनवारी कशाला मानावी?

जुना वग लिहिलेला नसे. कथेचे सूत्र सर्वांना ठाऊक, बोलणे मात्र ज्याचे त्याने रचायचे. सोंगाड्याने कथा वाटेल तिकडे न्यावी आणि सरदाराने ती परत मार्गावर आणावी. दोघांची एकमेकांशी वर्षानुवर्षांची ओळख नसेल तर वग फसतो. झीलकरी कडव्याचा शेवट वरच्या सुरात उचलून धरतो, तेवढ्यात मुख्य गायकाला दम घेता येतो. नवखा पोर बहुधा झीलेपासूनच सुरुवात करी.

हंगाम सुरू होण्याआधी फडमालक कलावंतांना उचल देतो; ती फिटेपर्यंत माणूस बांधलेला. फड एकत्र राहण्यामागे कलेइतकाच या व्यवहाराचाही हात आहे. फडांना जोडनावे देण्याचा प्रघात दिसतो : कवलापूरचे (ता. मिरज) काळू-बाळू हे त्यांतले ठळक नाव. रेठरे हरणाक्ष (ता. वाळवा) येथील शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांनी कुलकर्णीपण सोडून फड जवळ केला, नर्तकी पवळा त्यांच्याच फडात गाजली. त्याआधी स्त्रीपात्र बहुधा नाच्या पोऱ्या करी.

तंबूच्या मोठ्या फडांत आज शंभरावर माणसे असतात; त्यांत कलावंतांखेरीज वाहनचालक, वीजजोडणीवाले आणि आचारी येतात. संगीतबारीची, म्हणजे लावणीच्या गाण्या-नाचापुरत्या छोट्या संचाची, घडण वेगळी आहे.